सोडणे आणि सुटणे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शाळांमध्ये विज्ञान शिबिरांच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. अशाच एका शिबिरात मधल्या सुट्टीत एका शिक्षकांनी आम्हाला बाजूला घेतले. सकाळी मुलांनी तंबाखूविरोधी शपथ घेतली होती आणि ती सांगण्याचे काम याच शिक्षकांकडे होते. ते म्हणाले, "सर, ही शपथ मी गेली सहा वर्षे मुलांना देतो. मनातल्या मनात स्वतःही घेतो. चार दिवस, फार तर पंधरा दिवस निभावते. मग पुन्हा नाक्यावरच्या टपरीकडे पाय वळतात. फुप्फुसांचा धडा मीच शिकवतो. दुष्परिणाम सगळे पाठ आहेत. मग खोट माझ्यातच आहे का?"

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अगदीच सामान्य होते. मन घट्ट करा, पुन्हा प्रयत्न करा, असे काहीसे आम्ही म्हणालो. परतीच्या गाडीत ते उत्तर आम्हालाच टोचू लागले, कारण आम्ही स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत होतो आणि सोडण्याचे आमचे तीन प्रयत्न फसलेले होते. मन घट्ट करण्याचा सल्ला त्या काळात आम्हालाही पुष्कळांनी दिला होता.

मराठीत आपण 'विडी सोडली' असे म्हणतो आणि 'विडी सुटली' असेही म्हणतो. सोडणे ही आपण केलेली क्रिया आहे. तिला एक दिवस, एक क्षण पुरतो. सुटणे मात्र घडावे लागते आणि त्याला काळ लागतो. या दोहोंमधले अंतर विज्ञानाला कसे उमगत गेले, याचा इतिहास पाहिला तर त्या शिक्षकांच्या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर मिळते.

बादशहाचा हुकूम आणि वकिलाची तलफ

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांमार्फत ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये पसरली. मोगल दरबारात ती गेली तीही दख्खनमधूनच. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू आणि रत्नजडित नळी नेली. ही हकीकत १६०४-०५ च्या सुमाराची असून ती त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. अकबराने थोडे झुरके घेतले. शाही हकिमाने हरकत घेतली, कारण आपल्या वैद्यकग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेखच नाही. बादशहाने पुढे ती घेतली नाही; सरदारांनी मात्र मागून मागून नेली.

अवघ्या बारा-तेरा वर्षांनी, १६१७ मध्ये, जहांगीरने तंबाखू ओढण्यास बंदी करणारा हुकूम काढला. त्याच्या आत्मचरित्रात या हुकुमाची नोंद आहे आणि तिला जोडूनच आणखी एक गोष्ट आहे. इराणच्या शाह अब्बासनेही अशीच बंदी घातली होती. पण जहांगीरचा तिकडे गेलेला वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभरही राहवत नसे. अखेर शाहने त्याच्यापुरती सवलत दिली. दोन बादशहांचे हुकूम एका माणसाच्या तलफेपुढे नरमले! 'तलफ' हा शब्द आपल्याकडे आजही टिकून आहे आणि या साऱ्या प्रश्नाचे मर्म त्यातच आहे.

माहिती हवीच, पण ती पुरत नाही

तंबाखूने नेमके काय होते, हे सिद्ध व्हायला पुढे तीन शतकांहून अधिक काळ गेला. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखवणारा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांच्या आधारे संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध मांडला. यांतील डॉ. व्ही. आर. खानोलकर हे भारतातील कर्करोग संशोधनाचे एक आद्य प्रवर्तक. ते ज्या संशोधन केंद्राचे पहिले संचालक होते, त्याचीच परंपरा आज रायगड जिल्ह्यातील खारघरच्या केंद्रात पुढे चालू आहे. कर्जत-खालापूरच्या शिक्षकांना मुलांची सहल नेता येईल, इतक्या अंतरावरचा हा इतिहास आहे.

डॉल स्वतः सिगारेट ओढत असत. अभ्यासाचे आकडे हाती येऊ लागले तसे, १९४९ मध्ये, त्यांनी ती सोडली आणि ती कायमची सुटली. याच्या अगदी उलट उदाहरण सिग्मंड फ्रॉइड यांचे. मानवी मनाचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले. १९२३ मध्ये त्यांच्या तोंडात कर्करोग आढळला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. सिगार मात्र १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुटला नाही. दोघेही डॉक्टर, दोघेही असामान्य बुद्धीचे, आणि दोघांनाही धोका ठाऊक होता. तेव्हा माहितीचा अभाव हे न सुटण्याचे एकमेव कारण नव्हे, हे उघड आहे.

असे असले तरी सोडण्याचा लाभ किती मोठा आहे, हे शिक्षकांनी आकड्यांनिशी जाणून घ्यावे. डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांचाच दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यातील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आयुष्यभर सिगारेट ओढणारे, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी मरण पावले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांनी ही १० वर्षे जवळजवळ पूर्ण परत मिळवली. चाळिशीत सोडणाऱ्यांनी ९, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६ आणि साठीला सोडणाऱ्यांनीही ३ वर्षे मिळवली. 'आता या वयात काय सोडायची' हे वाक्य गावोगाव ऐकू येते. त्याला या आकड्यांसारखे दुसरे उत्तर नाही.

तलफेचे रसायन

तंबाखूतील निकोटीन हा पदार्थ १८२८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी वेगळा केला. १८८९ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँग्ली व विल्यम डिकिन्सन यांना आढळले, की चेतातंतूंच्या गाठींवर निकोटीन लावले तर त्यांतून जाणारे संदेश थांबतात. याच मार्गाने पुढे जात लँग्लींनी १९०५ मध्ये असा विचार मांडला, की पेशींवर असे काही घटक असले पाहिजेत, ज्यांना ठरावीक रसायने येऊन चिकटतात. आज आपण ज्यांना ग्राहक म्हणतो ते हेच. म्हणजे औषधशास्त्रातील एक मूलभूत कल्पना निकोटीनच्या अभ्यासातून आली.

पण माणूस विडी ओढतो तो धुरासाठी, चवीसाठी, की निकोटीनसाठी? स्कॉटलंडचे डॉक्टर लेनॉक्स जॉन्स्टन यांनी याचे उत्तर धाडसी मार्गाने शोधले. त्यांनी स्वतःला आणि काही स्वयंसेवकांना निकोटीनची इंजेक्शने दिली. १९४२ मध्ये त्यांनी लिहिले, की इंजेक्शनांनी ओढणाऱ्यांची तलफ भागते. इतकेच नव्हे, तर बऱ्याच इंजेक्शनांनंतर सिगारेटपेक्षा इंजेक्शनच बरे वाटू लागते. त्या काळी याकडे फारसे लक्ष गेले नाही. धूम्रपान ही निव्वळ सवय नसून निकोटीनचे व्यसन आहे, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलने आपल्या अहवालात स्पष्टपणे म्हणायला १९८८ साल उजाडावे लागले.

आज ही क्रिया बरीच स्पष्ट झाली आहे. झुरक्यासरशी निकोटीन फुप्फुसांतून रक्तात आणि तेथून काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. तेथे ॲसिटिलकोलीन या नैसर्गिक रसायनासाठी असलेल्या ग्राहकांना ते चिकटते. त्यामुळे डोपामिन स्रवते आणि बरे वाटते. पण रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. रोजच्या माऱ्यामुळे मेंदूतील या ग्राहकांची संख्याही वाढलेली असते. ते रिकामे राहिले की चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप बिघडते, भूक वाढते. पुढची विडी पेटली की हे सारे निवळते. म्हणून ओढणाऱ्याला वाटते की विडीने मन शांत होते; वस्तुतः आधीच्या विडीने निर्माण केलेली अस्वस्थताच ती बऱ्याच अंशी घालवत असते.

सोडल्यानंतर हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. वाढलेले ग्राहकही काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. शरीर असे तुलनेने लवकर सुटते. मागे राहतात त्या आठवणींच्या गाठी. जेवणानंतरचा क्षण, चहाचा वास, पेपर तपासताना आलेला शीण, लावणीच्या दिवसांत बांधावर बसून आपट्याच्या पानाची विडी वळणारे शेजारी, यांपैकी काहीही समोर आले की तलफ जागी होते. या गाठी सुटायला महिने लागतात. त्या शिक्षकांची शपथ चार ते पंधरा दिवस टिकत होती, म्हणजे सर्वांत अवघड टप्प्यातच ती तुटत होती. यात स्वभावाची खोट शोधण्याचे कारण नाही.

घसरणीचा आलेख

१९७१ मध्ये हंट, बार्नेट आणि ब्रँच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधे पण डोळे उघडणारे काम केले. सिगारेट, दारू आणि हेरॉइन सोडणाऱ्यांवरील अनेक अभ्यास त्यांनी एकत्र केले आणि किती जण किती दिवस टिकले, याचे आलेख काढले. तीन वेगळी व्यसने, पण तिन्ही आलेख जवळजवळ एकमेकांवर बसले. पहिल्या तीन महिन्यांत वक्र कड्यासारखा खाली येतो. त्यानंतर तो हळूहळू सपाट होत जातो. याचा अर्थ दुहेरी आहे. बहुतेक जण लवकर घसरतात, ही वाईट बातमी. जो तीन महिने टिकला त्याची पुढे टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते, ही चांगली.

आमचा तिसरा प्रयत्न असाच दुसऱ्या महिन्यात मोडला. पावसाळ्याचे दिवस होते. घाटात दरड आल्याने गाड्या कर्जतला खोळंबल्या होत्या. स्थानकाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही ताटकळत उभे होतो. शेजारच्या गृहस्थांनी पाकीट पुढे केले आणि आम्ही एक घेतली. खरे नुकसान त्या एका सिगारेटने झाले नाही. 'आता मोडलेच आहे, तर मोडले' असा विचार करून आम्ही लगेच अख्खे पाकीट विकत घेतले, त्याने झाले.

ही मनाची चाल आमची एकट्याची नव्हती. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले आहे. एकदा पाय घसरणे आणि खाली कोसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे. घसरलेल्याने 'माझ्यात दमच नाही' असे ठरवले की तो कोसळतो. 'ही जागा निसरडी होती, पुढच्या वेळी इथे जपायचे' असे म्हटले तर सावरतो. घाटात चालणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. १९८३ मध्ये प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी स्वतःच्या बळावर सोडणाऱ्यांचा अभ्यास करून दाखवले, की सोडणे ही टप्प्याटप्प्याने होणारी गोष्ट आहे आणि माणसे त्या टप्प्यांवर मागे-पुढे होत राहतात. फसलेला प्रयत्न त्यामुळे वाया गेला असे समजू नये. पुढच्या प्रयत्नासाठी तो काहीतरी शिकवून जातो.

पुन्हा विचारणारा माणूस

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निश्चय टिकतो कशाने?

लंडनमध्ये मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ डॉक्टरांकडे आलेल्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्या रुग्णांचे त्यांनी चार गट केले. पहिल्या गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्याकडून केवळ धूम्रपानाविषयीची प्रश्नावली भरून घेतली. तिसऱ्याला डॉक्टरांनी एक-दोन मिनिटांत सोडण्याचा सल्ला दिला. चौथ्याला सल्ल्यासोबत एक पत्रक दिले आणि 'आम्ही पुन्हा चौकशी करणार आहोत' असे बजावले. पहिल्या महिन्यात सोडून वर्षभरानंतरही न ओढणाऱ्यांचे प्रमाण या गटांत अनुक्रमे ०.३, १.६, ३.३ आणि ५.१ टक्के होते. पत्रकाचा वाटा किती आणि पुन्हा विचारले जाण्याच्या जाणिवेचा किती, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. पण नुसती विचारपूससुद्धा निष्फळ जात नाही आणि प्रत्येक पायरीगणिक टिकणारे वाढतात, हे स्पष्ट दिसते.

आपल्याकडचे काम तर याहून मोठे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागात डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन तोंडाच्या रोगांची पाहणी केली. घाटापलीकडच्या पुणे जिल्ह्यात त्यांनी तपासलेल्या १,०१,७६१ ग्रामस्थांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे केरळातील एर्नाकुलम, आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम आणि गुजरातमधील भावनगर या जिल्ह्यांत त्यांनी तंबाखू खाणारे व ओढणारे ३६ हजारांहून अधिक लोक निवडले. दरवर्षी त्यांच्याकडे जाऊन तोंड तपासायचे, समक्ष बोलायचे आणि प्रसारमाध्यमांतूनही समजावायचे, असे पाच वर्षे चालले. याच भागांत पूर्वी असा सल्ला न देता ज्यांची पाहणी केली होती, त्यांच्याशी तुलना करण्यात आली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, समजावलेल्या गटात तंबाखू सोडणारे अधिक निघाले आणि कर्करोगाची पूर्वसूचना देणारे तोंडातील पांढरे चट्टेही नव्याने कमी उद्भवले. बहुसंख्यांची सुटली नाही, हेही खरे. पण न शिकलेल्या, दूरच्या खेड्यांतील माणसांना सोडता येणारच नाही, हा समज या कामाने खोटा ठरवला.

तिसरे उदाहरण फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरचे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात धूम्रपान करणाऱ्यांना बँकेत एक खाते उघडण्याची संधी दिली गेली. सहा महिने त्यात पैसे साठवायचे. शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटीनचा अंश सापडला नाही तर पैसे परत, सापडला तर सगळे दानधर्मात जमा. असे खाते उघडायला दर शंभरांतले फक्त अकरा जण तयार झाले. तरीही ज्यांना ही संधी दिली गेली त्या साऱ्या गटात तपासणीत उत्तीर्ण होणारे सुमारे ३ टक्क्यांनी जास्त होते. वर्षभराने अचानक घेतलेल्या तपासणीतही फरक टिकून होता.

लंडनचा दवाखाना, भारतातील खेडी आणि फिलिपिन्सची बँक यांत समान धागा एकच. निश्चय माणसाच्या मनात एकटा सोडून दिलेला नव्हता. त्याला बाहेर एक साक्षीदार होता आणि तो पुन्हा येणार होता.

माळ आणि चंची

ही युक्ती आपल्या समाजाला नवी नाही. कर्जत-खालापूरच्या गावांत वारकरी पुष्कळ. गळ्यात तुळशीची माळ घातली की मद्य आणि मांस वर्ज्य. माळ सर्वांना दिसते. लग्नाच्या पंगतीत वाढणारा ती पाहून पुढे जातो, मित्र आग्रह करत नाहीत. वर्षानुवर्षे दारू पिणारी माणसे माळ घातल्यावर सुटलेली आपण पाहतो. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांच्या बैठकांनी व्यसनमुक्तीवर दिलेला भरही वाचकांना परिचित असेल. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी दर आठवड्याला त्याच माणसांत जाऊन बसणे ही निश्चयाची नियमित उजळणी असते, हे ध्यानात येईल.

पण इथे एक गोष्ट आम्हाला नेहमी कोड्यात टाकत असे. अनेक माळकऱ्यांच्या खिशात तंबाखूची चंची आणि चुन्याची डबी असते. तोच माणूस, तीच माळ, तोच निश्चयी स्वभाव. दारू सुटली आणि तंबाखू का नाही? खालापूर तालुक्यातील एका वृद्ध माळकऱ्यांना आम्ही हे भीत भीत विचारले. ते हसून म्हणाले, "अहो, दारूला गाव विचारतं. तंबाखूला कोण विचारतं? उलट चिमूटभर मागूनच घेतात!"

रसेल यांच्या चार गटांचे सार या एका उत्तरात आहे. निकोटीनची पकड मोठी आहे, हे कारण आहेच. पण माळ ज्या गोष्टीवर पहारा देते ती गावाने ठरवलेली असते. गाव ज्याला व्यसन म्हणत नाही, त्यावर पहारा नसतो. जेथे कीर्तनकारांनी आणि गावकऱ्यांनी तंबाखूही वर्ज्यांत धरली, तेथे हाच पहारा तिच्यावरही बसतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, ओढणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. जिला कोणी विचारत नाही ती आपल्याकडे किती पसरली आहे, हे यावरून दिसते.

शाळेत काय करता येईल

कायद्याने आपले काम बरेच केले आहे. १८९० च्या रेल्वे कायद्यात सहप्रवाशांच्या संमतीवाचून डब्यात धूम्रपान करणे दंडनीय होते. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला आळा घालणारा आदेश दिला. २००३ मध्ये तंबाखूविषयक केंद्रीय कायदा झाला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागांसाठीचे अधिक कडक नियम लागू झाले. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. मुलांना घेऊन हे अंतर टेपने मोजून पाहावे. मोजमापाचा तो उत्तम पाठ होईल. टपरी जितकी दूर, तितकी सोडलेल्या माणसाची वाट कमी निसरडी.

पण कायदा पुन्हा येऊन विचारत नाही. ते माणसांनाच करावे लागते. ३१ मे रोजी शपथ झाली, की पुढची शपथ वर्षाने. अवघड काळ मात्र पहिल्या तीन महिन्यांचा. म्हणून शपथेनंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि मग दर महिन्याला विचारणारे कोणीतरी ठरवून घ्यावे. विचारणारा रागावणारा नसावा. घसरल्याचे सांगितल्यावर जो उपदेश सुरू करतो, त्याला पुढच्या वेळी खरे सांगितले जात नाही. मुलांनी घरच्या मोठ्यांना विचारायचे असेल तर हे त्यांना आधी नीट समजावून द्यावे. वडिलांना खजील करणे हा हेतू नव्हे.

एकट्याने जमत नसेल तर मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनचा चघळण्याचा गम स्वीडनमध्ये जन्मला. पाणबुडीत धूम्रपान करता येत नसल्याने खलाशी तंबाखू चघळतात, हे पाहून १९६७ मध्ये क्लास लुंडग्रेन यांना ही कल्पना सुचली आणि ओव्हे फर्नो यांनी ती प्रत्यक्षात आणली. अशा उपचारांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. डॉक्टरांना विचारून ते घ्यावेत. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे आणि ती पुढे स्वतःहून फोन करून विचारपूसही करते. विचारणाऱ्या माणसाची ती सरकारी व्यवस्थाच म्हणावी लागेल.

नववी-दहावीच्या वर्गात रसेल यांचे आकडे फळ्यावर लिहावेत. हजार माणसांमागे किती जण टिकले, हे मुलांनी काढावे. उत्तरे ३, १६, ३३ आणि ५१ अशी येतील. मग विचारावे, की ५१ ही संख्या लहान की मोठी? दोन मिनिटांचा सल्ला, एक पत्रक आणि 'पुन्हा विचारीन' एवढ्या खर्चात हे घडले, हे सांगितल्यावर चर्चा रंगते.

त्या शिक्षकांना आम्ही पुन्हा भेटलो आणि आपले पहिले उत्तर चुकले, हे कबूल केले. आमची चौथ्या वेळी सोडलेली सिगारेट कशी टिकली, तेही सांगितले. प्रयोगशाळेतील एक सहकारी दर शनिवारी एकच प्रश्न विचारत असे, "या आठवड्यात?" बस, एवढेच. आता आम्ही त्या शिक्षकांना दर शनिवारी फोन करतो. तेविसाव्या दिवशी त्यांनी एक ओढली. शनिवारी फोन उचलताच, आम्ही विचारायच्या आत, त्यांनीच ते सांगितले आणि म्हणाले, "पण पाकीट नाही घेतलं."

त्यानंतर बरेच शनिवार गेले. परवा त्यांच्याच शाळेतील एका शिपायाने सोडायचे ठरवले आहे. त्याला दर शनिवारी विचारण्याचे काम या शिक्षकांनी आपल्याकडे घेतले आहे.